क्रेनच्या पोटातली अक्षता

माझा हात लवकर उठतो. ही बढाई नाही आणि माफीही नाही. आमच्या घरात सगळ्यांचाच उठायचा. पणजोबा कमरेला तलवार लावून दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, आजोबांनी त्याच तलवारीवर शिपाईगिरी केली, वडिलांच्या वाट्याला दरबारचा मोटारखाना आला आणि आम्हा दोन भावांच्या वाट्याला एक बोट. लढाया केव्हाच संपल्या होत्या. हात तेवढे राहिले होते.

बोट म्हणजे दरबारची मोठी बोट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागापासून काही कोसांवर असलेल्या धरणात ती असायची. पाहुणे आले की त्यांना पाण्यावर फिरवायचं, चहा पाजायचा, बदकांवर बंदुका झाडू द्यायच्या आणि परत आणायचं. दादा बोटीचा मोठा मिस्त्री, मी छोटा. धक्का सोडून दुसऱ्या कुठल्याच काठाला बोट नेता येत नसे. कडेला कमरेइतका चिखल, त्यात ती एकदा रुतली असती तर हत्ती लावूनही निघाली नसती. म्हणून तिच्या डेकवर एक छोटी होडी ठेवलेली असे. पाहुण्यांना काठावर उतरायची लहर आली की ती होडी पाण्यात सोडायची. आणि ती डेकवरून उचलून, कठड्यापलीकडे नेऊन, पाण्यात सोडायला एक क्रेन होती. ती माझी.

माझी म्हणजे मी चालवायचो म्हणून माझी. दोर आणि चरकाची नव्हे, तेलाच्या दाबावर चालणारी, विलायतेहून आलेली. खाली तेलाची टाकी, बाजूला पंपाचा लांब दांडा. दांडा वर-खाली करत राहिलं की तेल नळीतून सिलिंडरमध्ये शिरायचं, आतला दट्ट्या वर सरकायचा आणि क्रेनचा हात होडीला घेऊन उचलला जायचा. खाली आणायचं तर एक पितळी चावी हळूच सैल करायची. तेल टाकीत परत जायचं आणि होडी उतरायची. चावी घट्ट असली की दहा मणांची होडी तासभर अधांतरी लटकत राहायची, केसभरही हलायची नाही. नुसतं तेल तिला धरून ठेवतं, याचं पहिल्या दिवशी जे नवल वाटलं ते माझं शेवटपर्यंत गेलं नाही.

दांडा मी मारायचो. चावीवर एक मल्लाह, म्हणजे नावाडी, होता. किला गेटजवळ राहायचा, माझ्याच वयाचा, सगळं खानदान पाण्यावर वाढलेलं. बोलायचा कमी. मला 'छोटे मिस्त्री' म्हणायचा आणि मी त्याला तोंडाला येईल ते म्हणायचो. चावी इतक्या हलक्या हातानं सोडायचा की होडी पाण्याला टेकल्याचं कळायचंही नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आज सांगतो आहे, तेही कागदाला.

मग राज्य विलीन झालं. नवं राज्य आलं, त्याची राजधानी काही महिने आमच्याकडे आणि काही महिने इंदूरला. साहेब लोक थंडीत ट्रंका घेऊन यायचे आणि उन्हाळा लागला की ट्रंका घेऊन जायचे. बोट एका सरकारी खात्याकडे गेली आणि तिचं करायचं काय, ते खात्याला कळेना. बोटीच्या नाकावर दरबारची निशाणी होती. तिच्यावर राखाडी रंग फासायचा हुकूम आला आणि तो रंग मलाच फासावा लागला. क्रेनच्या टाकीतली गाळणी फाटली होती, तेल गाळून पुढे सोडणारी. नवी मागवली, तर उत्तर आलं की यंत्राचं नाव आधी हिंदीत कळवा. मी आतल्या आत धुमसत होतो. दादा म्हणायचा, "अरे, नोकरी तर चालू आहे ना? मग कशाला फालतू डोकं खराब करतो?" दादाचं डोकं थंड होतं. घरात तो एकटाच तसा निघाला.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. तलवार पाटावर ठेवायची, पण म्यानातून काढून. बंद म्यानाला आमच्या घरी कधी कुणी फूल वाहिलेलं नाही. वडील म्हणायचे, म्यानाची पूजा म्हणजे देवळाच्या बाहेरूनच नमस्कार करून पळणं. पातं उघडं पाहिजे, त्याला कुंकवाचं बोट लागलं पाहिजे, त्यावर अक्षता पडल्या पाहिजेत. बोटीवरही त्या दिवशी पूजा असायची. इंजिन, पाने, हातोडे आणि क्रेन. दरवर्षी दादा करायचा. क्रेनच्या दांड्याला गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं की त्याचं झालं. त्या वर्षी बोट लिलावात निघणार अशी बातमी होती. दादा घरच्या पूजेला थांबला आणि बोटीवरची पूजा त्यानं माझ्यावर सोडली.

तबक घेऊन मी क्रेनसमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, ही शेवटची. दांड्याला काय फूल वाहायचं? दांडा म्हणजे नुसती मूठ. हिचं पातं आत आहे, तेलात. मी पाना घेतला आणि टाकीचं झाकण उघडलं. आत काळं, निवांत तेल होतं. कुंकू लावलेल्या अक्षता चिमटीत घेतल्या.

मल्लाह मागे उभा होता. म्हणाला, "छोटे मिस्त्री, ढक्कन बंद कर लो. दाना भीतर चला जाएगा."

पूजेत कुणी टोकलेलं मला खपत नाही. तबक डाव्या हातात होतं, उजवा मोकळा होता. त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याचं मुंडासं डेकवर जाऊन पडलं. "हमारे यहाँ बंद म्यान नहीं पूजते," मी ओरडलो. "तुझे क्या मालूम!" त्यानं मुंडासं उचललं, झटकलं आणि पुन्हा बांधलं. मी अक्षता वाहिल्या. बऱ्याच टाकीच्या काठावर पडल्या, काही आत गेल्या. मी हात जोडले, झाकण आवळलं आणि मला फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात खात्याचे साहेब आले, लिलावाआधी बोट बघायला. बरोबर दोन पाहुणे, एकाच्या गळ्यात कॅमेरा. सकाळची वेळ, ऊन कोवळं होतं. बोट मध्यावर नेल्यावर साहेब म्हणाले, "वो हायड्रॉलिक चीज़ चलाकर दिखाओ." मी होडी उचलली, मल्लाहनं पाण्यात सोडली, मी परत वर घेतली. सगळं लोण्यासारखं झालं. पाहुण्याला फोटो हवा होता. होडी कठड्याच्या वीतभर वर आली तेव्हा तो म्हणाला, बस, अशीच लटकत ठेवा. मी दांडा सोडला. होडी झुलू नये म्हणून दादा कठड्याशी उभा राहिला, डाव्या हातानं तिचा दोर धरून, उजवा हात कठड्यावर टेकून. मल्लाहनं चावी आवळलेलीच होती की नाही, ते मी बघितलं नाही. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. फोटोसाठी छाती पुढे काढून उभा होतो.

होडी खाली आली. वीतभरच, पण दहा मणांची वीत होती ती. तिचा कणा दादाच्या उजव्या हातावर बसला. आधी हाडांचा आवाज आला, ओलं लाकूड मोडतं तसा, आणि मग दादाचा.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते मी पुष्कळ वर्षं चुकवून सांगत आलो. दादाचा हात अजून होडीखाली होता. होडी उचलायला चार माणसं धावली होती आणि पाचवं हवं होतं. पाचवा मी. मी तिकडे गेलो नाही. मी मल्लाहकडे गेलो.

डाव्या हातानं त्याची गळपट्टी धरली आणि उजव्यानं मारत सुटलो, एकाच जागी, त्याच्या डाव्या कानावर. पहिल्या तीन-चार तडाख्यांपर्यंत तो बोलत होता. "बंद थी, मिस्त्री. चाबी बंद थी. देख लो." मी देखलं नाही. चावी दोन हातांवर होती, नुसती मान वळवली असती तर दिसली असती. तो खाली पडला तेव्हा मी लाथांवर आलो. बरगडीत एक, पोटात एक, परत बरगडीत. मग त्याला केसांना धरून उठवलं आणि डोकं क्रेनच्या खांबावर आपटलं. त्याच कानाकडून. कानातून रक्त आलं, पातळ, पाण्यासारखं. तो माझे हात धरत नव्हता, मला ढकलत नव्हता. डोक्याभोवती दोन्ही हात गुंडाळून तो नुसता चावीच्या दिशेला सरकत होता आणि मला वाटत होतं, लबाड, चावी बंद करायला निघालाय. मला आणखी चेव आला. माझ्या मुठीची कातडी सोलली गेली होती आणि ते मला आवडत होतं. हेही लिहूनच ठेवतो.

कुणी अडवलं नाही. साहेब बघत होते. पाहुणा कॅमेरा छातीशी धरून उभा होता. शेवटी त्यांच्यातला एकजण म्हणाला, "बस करो, मर जाएगा," तेही असं, जसं चहात साखर पुरे म्हणतात. मला तेव्हा वाटलं, सगळे माझ्या बाजूचे आहेत.

मुरारच्या इस्पितळात दादाचा हात मनगटाच्या वर कापला. आठवड्यानं धक्क्यावर टेबल मांडून चौकशी झाली. चावीवर कोण होतं? मल्लाह. मग झालं. तो डोक्याला चिंध्या बांधून उभा होता, डावी बाजू सुजून लाल झालेली. म्हणाला, चाबी खोलके देखो. म्हणाला, पूजा में चावल का दाना भीतर गया था, मैंने टोका था. साहेब हसले. "चावल के दाने से क्रेन गिरती है?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पूजा तो हर साल होती है, साहब."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याला नोकरीवरून काढलं.

पुढे महिन्याभरानं हुकूम आला की लिलावात किंमत यावी म्हणून क्रेन चालू करून ठेवा. मी चावी खोलली. तिचं टोक पितळी भोकात जिथे बसतं, तिथे अर्धवट चेचलेला एक तांदूळ अडकून बसला होता. फाटक्या गाळणीतून पंपात गेलेला, पंपातून सिलिंडरमध्ये, आणि पहिल्यांदा होडी सोडताना तेलाबरोबर वाहत चावीच्या तोंडाशी आलेला. तेलानं तपकिरी झाला होता, पण एका अंगाला कुंकू अजून लाल होतं. मी दांडा मारत होतो तोवर गळती कळली नाही; दांडा सुटला आणि तेल मागे सरलं. चावी बंदच होती. तिला बंद व्हायला त्या दाण्यानं जागा ठेवली नव्हती.

डेकवर मी एकटाच होतो. मी मागेपुढे बघून घेतलं. मग मी दाणा कागदात गुंडाळला, विडीच्या डबीत ठेवला आणि घरी जाऊन जेवलो. पोटभर जेवलो.

गप्प राहणं अवघड जातं असं लोक म्हणतात. मला मुळीच गेलं नाही. रोज सकाळी उठायचं आणि त्या दिवशी सांगायचं नाही, बस. दादा डाव्या हातानं घास घ्यायला शिकत होता. वरणभात अंगावर सांडायचा, वहिनी पुसायला गेली की ताट भिरकावायचा. थंड डोक्याचा माझा दादा, त्याच्याही डोक्यात आमचं रक्त चढलं. मल्लाहला शिव्या घालायचा आणि मी मान डोलवायचो. मल्लाह आता दाल बाजारात पोती वाहत होता. सगळ्या बाजारात त्याला एकच हाक होती, 'हाथकटवा'. ज्यानं मोठ्या मिस्त्रीचा हात कापवला तो. एकदा लांबून पाहिलं, तांगेवाला मागून बोंबलत होता आणि हा सरळ चालत होता. घोड्याचं तोंड पाठीला लागलं तेव्हा बाजूला झाला. तांगेवाल्यानं त्याला चाबूक मारला. मी गल्ली बदलली.

पुढच्या खंडेनवमीला दादानं हट्टानं तलवार स्वतःच काढली. मूठ डाव्या हातात, म्यान उजव्या काखेत दाबून. घामाघूम झाला, पण काढली. पाटावर ठेवली आणि मला म्हणाला, "मला काही चिमटीत धरता नाही येत. अक्षता तू टाक." वहिनीनं तबक पुढे केलं. मी चिमूट भरली आणि माझा हात तिथेच राहिला. त्या लाल दाण्यांकडे बघवेना. मी कोनाड्यातली डबी आणली, उघडली आणि दादासमोर पाटावर ठेवली. मग सगळं सांगितलं. झाकण, थप्पड, गाळणी, चावी.

दादानं ऐकून घेतलं. मग पाटावरचं रिकामं म्यान उचललं आणि माझ्या तोंडावर हाणलं. डाव्या हाताचा मार आडवातिडवा बसतो. खांद्यावर, नाकावर, गुडघ्यावर. म्यानाच्या पितळी टोकानं भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि वहिनी मध्ये पडली तेव्हा तिलाही एक लागला. मी हात वर केला नाही. डोक्याभोवती हात गुंडाळून बसलो आणि तेव्हा मला आठवलं, असं बसलेलं मी आधी कुणाला बघितलं आहे.

म्यान मोडलं तेव्हा तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "माझा हात गेला, त्याचं मी बघेन. त्या मल्लाहची इज्जत गेली ना, त्याचं तू बघ. जा."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्यालाच, डोळा बांधून साहेबांच्या बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात पेट्याच पेट्या. राज्य पुन्हा बदलत होतं, राजधानी भोपाळला चालली होती, आणि या वेळी ट्रंका परत येणार नव्हत्या. मी डबी उघडून दाखवली. साहेबांनी दाण्याकडे बघितलं, माझ्या डोळ्याकडे बघितलं. "फ़ाइल तो भोपाल गई," ते म्हणाले. "और बोट ही नहीं रही, तो अब कौन-सी नौकरी?" बोट उन्हाळ्यातच भंगारवाल्यानं नेली होती, क्रेनसकट. मी म्हटलं, निदान कागदावर लिहून द्या. ते म्हणाले, कुठल्या राज्याच्या कागदावर? मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पहिल्यांदाच आयुष्यात हात खिशात ठेवला.

तिथून चालत दाल बाजारात आलो. भर दुपार, हातगाड्या अडकलेल्या, हवेत तुरीच्या डाळीची धूळ. तो एका दुकानासमोर पोतं पाठीवर घेऊन वाकून उभा होता. मी त्याच्या बाजूला गेलो, खाली वाकलो आणि बोललो. रस्ताभर घोकत आलेलं सगळं एका दमात. चाबी बंद थी. दाना था. तूने सच कहा था. त्यानं मानही वळवली नाही. मला वाटलं, राग आहे, असणारच. मग माझी नजर त्याच्या कानावर गेली. चुरगळून वाळलेला, भोकाशी पांढरं काहीतरी साचलेलं. डावा कान. माझ्या उजव्या हाताचा.

मी पोत्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो आणि तेच सगळं परत सांगितलं. आता त्यानं बघितलं. आधी माझ्या फुटक्या भुवईकडे, मग डबीकडे. पाठीवर पोतं तसंच.

"मैंने कहा था, ढक्कन बंद कर लो," तो म्हणाला.

"हाँ," मी म्हणालो.

"मार दो मुझे," मी पुढे म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. त्यानं मारलं असतं तर मी सुटलो असतो, आणि मला वाटतं ते त्यालाही कळलं. त्यानं पोतं खाली उतरवलं, कपाळ पुसलं. "मारा था तब सब देख रहे थे," तो म्हणाला. "अब बोलते बखत कान में बोल रहे हो?"

मी आजूबाजूला पाहिलं. हमाल, तागडीवाले, गिऱ्हाईकं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी मोठ्यानं सांगायला लागलो. पहिल्या वाक्यात आवाज चिरकला. दोघांनी माना वळवल्या.

"और ज़ोर से," तो म्हणाला.

मी ओरडलो. हातगाडीवाला थांबला. दुकानदार गादीवरून उठून पायरीवर आला. मी दाणा हातावर घेतला आणि सांगितलं, मी झाकण उघडलं, ह्यानं टोकलं, मी ह्याला मारलं. दादाचा हात माझ्यामुळे गेला, ह्याचा कानही माझ्यामुळे गेला. घसा सोलून निघाला होता.

"और ज़ोर से," तो म्हणाला. उजवा कान माझ्याकडे करून, डोळे मिटून उभा होता.

मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा रस्ता भरला होता. मग मागून एक हमाल म्हणाला, "तो हाथकटवा ये हुआ." दोघे-चौघे हसले. मल्लाहनं डोळे उघडले, पोतं पाठीवर घेतलं आणि दुकानात गेला.

त्यानंतर त्या बाजारात त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. ती हाक माझी झाली. आता तिथे तेव्हाचं कुणी उरलेलं नाही, तरी त्यांची नातवंडं मला लांबून येताना बघून एकमेकांना सांगतात, "हाथकटवा आ गया, जगह दो." डाळ घ्यायला मी आजही तिथेच जातो.